बर्फाची भोकं

३ मार्च, सोमवार

आज एका स्लाइडची खरी किंमत मांडून बघितली. बावीस वर्षांच्या मुलीच्या मांडीतला वाटाण्याएवढा तुकडा. तीन टाके. चार दिवस लंगडणं. तिचे वडील बस चालवतात, त्यांच्या तीन रजा. माझे आणि नव्या बाईंचे मिळून सात तास. शिवाय अमोनियम सल्फाइडच्या त्या सडक्या वासानं गेलेलं माझं दुपारचं जेवण. एवढं सगळं खर्ची घालून काचेवर उमटलं काय, तर चाळण. एकेका धाग्यात दहा-दहा भोकं. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट दिसायला हवा होता, तिथे वाळवीनं खाल्लेली फळी दिसली.

मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि खरोखर शिसारी आली. बाईंना म्हटलं, "बघा, बघून घ्या. हे असं काम आपल्या नावावर जातं."

त्यांनी पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या सारखं लिहीतच असतात. पंधरा वर्षं घर सांभाळून चाळिशीत पुन्हा नोकरीला लागल्यात. प्रश्न असे विचारतात की परीक्षा माझीच चालली आहे असं वाटावं.

घरी आलो तर ही दारातच. "अहो, ते कपडे आधी बाहेर काढा. नासक्या अंड्यांचं दुकान टाकलंय का तुम्ही?"

४ मार्च, मंगळवार

मुलीचं प्रकरण नीट लिहून ठेवतो. तिची पाठ वाकत चालली आहे. ती सरळ करायचं मोठं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलंय. पण भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई अडून बसल्यात. मुलीची आत्या म्हणे एका किरकोळ ऑपरेशनला टेबलावरच गेली. भूल दिली, ताप चढत गेला, अंग लाकडासारखं ताठलं, संपलं. स्नायूंचा एक रोग असाच असतो. एरवी माणूस नुसता अशक्त दिसतो, पण भुलीचे ठरावीक वायू नाकात गेले की अंग आतून पेटतं. तो रोग रक्तात कळेल तेव्हा कळेल, आमच्या निळ्या रंगात मात्र लगेच कळतो. मांसात दोन जातींचे धागे असतात. संथ धागे दिवसभर उभं राहायला लागतात, चपळ धागे जिन्यावरून उडी मारायला. निळा रंग संथ धाग्यांत गडद बसतो. रोग असेल तर प्रत्येक संथ धाग्याच्या मधोमध एक गोल कोराच राहतो. गोल आहे की नाही, एवढंच सांगायचं. तेवढ्यावर मुलीला कोणती भूल द्यायची ते ठरणार.

आणि भोकांच्या त्या चाळणीत गोल शोधायचा कुठे?

६ मार्च, गुरुवार

ऑपरेशन थिएटरवाल्यांशी कडाक्याचं भांडण. ही भोकं बर्फाची आहेत हे मी झोपेतसुद्धा ओळखीन. तुकडा झटक्यात गोठला नाही तर आतल्या पाण्याचे खडे होतात आणि धागा फाडून बसतात. कारणही मला ठाऊक आहे. लोक तुकडा ओल्याचिंब बोळ्यात गुंडाळून पाठवतात, भिजक्या पोराला दुपट्यात गुंडाळावं तसा.

सर्जनसाहेब म्हणाले, "अहो, बोळा पिळून घेतो आम्ही."

"पिळलेला टॉवेल अंगाखाली घेऊन झोपा एकदा, मग सांगा कोरडा होता का."

"तुमचा आवाज फार चढलाय."

"साहेब, माझा आवाजच चढलाय. तुमचा तुकडा भिजलाय."

नर्स हसली. सर्जनसाहेब हसले नाहीत.

खाली बाकावर बसवाले बसले होते, मुलीचे वडील. रोज येतात आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसतात. विचारलं, "काका, होईल ना?" मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, काळजी सोडा. आठवीत शाळा सुटली माझी, इथं बाटल्या धुवायला लागलो. आज एकतीस वर्षं काप काढतोय. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ काप मी डोळ्यांवर पट्टी बांधून काढीन. तुमच्या मुलीच्या तुकड्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही."

माणसाचे खांदे दोन इंच खाली आले. बोलणं हेही आपलं एक औषधच आहे.

१० मार्च, सोमवार

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या विभागाचे प्रमुख. चेहरा असा की नातू झालाय.

"पाच!" टेबलावर फोटो पसरून म्हणाले, "वर्षभरात पाच पेशंट, पाचही जणांत हीच भोकं. कळतंय का तुम्हाला? हा नवीन रोग आहे."

मी म्हटलं, "साहेब, हा बर्फ आहे."

"पाच वेळा बर्फ?"

"पाच वेळा ओला बोळा. साठलेली साखर दाखवणारा गुलाबी रंग दिला तरी भोकं कोरीच राहतात. रोगाच्या भोकात काहीतरी साठलेलं असतं साहेब. ह्या भोकांत नुसती हवा आहे."

"साठलेलं रंगवताना धुऊन गेलं असेल."

"पाचही वेळा?"

यावर त्यांनी चष्मा पुसला. ते परिषदेचं भाषण लिहीत आहेत. टेबलावरच्या कागदावर रोगाचं नावही होतं, आणि त्या नावात त्यांचं आडनाव. माणसं आजारी आहेत याचा इतका आनंद मी कुणाला झालेला पाहिला नव्हता. हात धुवावेसे वाटले. बाहेर येऊन खरंच धुतले, दोनदा.

११ मार्च, मंगळवार

नमुन्यांच्या फ्रिजात आज तीन उकडलेली अंडी सापडली. रक्ताच्या बाटल्यांच्या शेजारी, मीठ-मिरीच्या पुडीसकट. कुणाची म्हणून विचारलं तर सगळे छताकडे बघायला लागले. शी! ह्या लोकांच्या घरी जेवायला बसायची वेळ माझ्यावर न येवो.

फ्रीजरला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. तो माझा आहे. गेल्या वर्षी जुना बंद पडला तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. जुन्यात वीतभर बर्फ साचायचा, तोही लालसर. उलथन्यानं खरवडताना अंगावर काटा यायचा. खरेदीवाले तसलाच दुसरा आणायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. स्वतः दुकानं फिरलो आणि घरगुती घेतला, उभा, पांढराशुभ्र. ह्यात बर्फ साचतच नाही. वर्षात एकदाही खरवडायला लागलेलं नाही. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

बाईंनी विचारलं, "भाऊ, मग त्यातला बर्फ जातो कुठे?"

म्हटलं, "जातो सासरी. तुम्ही रंगासाठी बफरचं पाणी बनवा."

१४ मार्च, शुक्रवार

बाईंनी फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवलाय. स्पिरिटच्या बाटलीत बुडवून. दर अर्ध्या तासानं दार किलकिलं करून आकडा वाचतात आणि वहीत लिहितात.

"ताप आलाय का त्याला?" मी विचारलं.

"बघतेय."

"दार सारखं उघडलंत तर येईलच."

दुसरं म्हणजे, जुनं रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं माझ्या अक्षरात चुका काढताहेत. अठरा वर्षांचं अक्षर आहे ते. मला हे आवडत नाही. माणूस नवीन असताना आधी सहा महिने नुसतं बघावं.

१५ मार्च, शनिवार

आज सुट्टी, तरी बाईंनी मला बोलावून घेतलं आणि खाटकाकडून कोंबडीच्या मांडीचा तुकडा घेऊन आल्या, नुकतीच कापलेली, अजून गरम. म्हणाल्या, कोरडा आहे, बोळा लावलेला नाही. दोन भाग करून दोन्ही माझ्यासमोर गोठवले. पद्धत माझीच: द्रव नायट्रोजनमध्ये आयसोपेंटेनचं भांडं धरायचं, तळाशी पांढरा थर आला की तुकडा सोडायचा, दहा आकडे मोजायचे. मान्य करतो, झकास गोठवले. एक तुकडा लगेच कापला. दुसरा माझ्या फ्रीजरमध्ये ठेवला.

"हे कशासाठी?"

"सोमवारी सांगते भाऊ."

दिवसभर कोंबडीच्या पिसांचा वास नाकातून जाईना. ही म्हणाली, आता कोंबड्याही का?

१७ मार्च, सोमवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

शनिवारचा काप गुळगुळीत होता. फरशी बसवल्यासारखे धागे, काळे-पांढरे, एकही भोक नाही. आजचा काप त्याच कोंबडीचा, त्याच भांड्यात गोठलेला. त्यात चाळण.

बाईंनी वही उघडून पुढ्यात ठेवली. उणे बावीस, उणे बावीस, उणे एकवीस, मग एकदम उणे पाच. अर्ध्या तासानं पुन्हा उणे बावीस. दिवसातून तीन वेळा. बर्फ साचत नाही, कारण फ्रीजर स्वतःलाच गरम करतो. गरम होतो, तुकडे आतून सैल पडतात, मग सावकाश पुन्हा गोठतात. सावकाश गोठलं की खडे. हे मी नव्या पोरांना शिकवत आलोय.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. एरवी तुकडा आला की त्याच दिवशी कापतो, फ्रीजरमध्ये तो ताससुद्धा राहत नाही. शुक्रवारी दुपारनंतर आलेला तेवढा सोमवारपर्यंत थांबतो. साहेबांचे पाचही पेशंट शुक्रवारचे. मुलीचाही तुकडा शुक्रवारी आलेला.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेबांचा रोग फक्त शुक्रवारी होतो, भाऊ."

एरवी ह्या वाक्यावर मी आठवडाभर हसलो असतो.

म्हटलं, "कुणाला बोलू नका. मी बघतो."

१९ मार्च, बुधवार

बघितलं काहीच नाही. दोन दिवस बाटल्यांवर नवीन चिठ्ठ्या चिकटवत बसलो.

मनात काय काय येतं ते तरी इथे खरं लिहावं. एक, फ्रीजर गुपचूप बदलून टाकावा. दोन, ओल्या बोळ्याचं मी सगळ्या हॉस्पिटलात इतकं ओरडलोय की आता तेच खरं मानतील. तीन, साहेबांना नवा रोग हवाच आहे, देऊन टाकावा. निवृत्तीला वीस महिने राहिलेत. मुलीला कदाचित काही नसेलही.

हे वाचताना स्वतःच्या तोंडाला वास येतो.

बसवाले आजही बाकावर होते. मी मागच्या जिन्यानं गेलो.

२० मार्च, गुरुवार

माझे कान तिखट आहेत, ह्याचा आज पहिल्यांदा राग आला. कॅन्टीनमध्ये खांबाच्या अलीकडे मी, पलीकडे साहेब आणि भुलीच्या डॉक्टरीणबाई.

"मग गोल नाहीत म्हणायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गोल कसले? हा वेगळाच रोग आहे. भोकांचा. मी लिहून देतो ना."

"म्हणजे नेहमीचे वायू चालतील?"

"खुशाल."

आणि साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. ते मऊ पडून कपात गळलं, त्यांनी चमच्यानं काढून खाल्लं. त्यांचा राग करावा तर त्यांनी तरी काय केलं? मी दिलेली काचच वाचली. भोकं मी पुरवली होती.

उठलो. साहेब गेल्यावर डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी उभा राहिलो.

"मॅडम, मांडीचा तो रिपोर्ट कचऱ्यात टाका."

"का?"

"भोकं फ्रीजरनं पाडलीत. गोल आहेत की नाहीत हे ह्या तुकड्यावरून देवालासुद्धा सांगता येणार नाही."

"फ्रीजर कुणी घेतला?"

"मी."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाल्या, "बसा. पाणी प्या आधी."

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांनी जे सुनावलं ते लिहीत नाही. जे सुनावलं नाही ते जास्त लागलं. भाषणाचे कागद त्यांनी माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मग म्हणाले, "बोळ्याबद्दल सर्जनची माफी कोण मागणार?"

मागितली. सर्जनसाहेब म्हणाले, "टॉवेल अंगाखाली घेऊन झोपलो होतो मी. ओला असतो खरा." भला माणूस. त्यांचा भलेपणाही आज टोचला.

बसवाल्यांना सांगणं सर्वांत वाईट. दुसऱ्या मांडीतून पुन्हा तुकडा घ्यायचा होता.

"पहिल्याचं काय झालं काका?"

"खराब झाला."

"कुणाकडून?"

"आमच्याकडून." 'माझ्याकडून' म्हणायचं होतं. तोंडातून 'आमच्याकडून' निघालं.

त्यांनी टोपी ह्या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "पोरगी म्हणेल, बाबा, दोन्ही पाय झाले, आता काय हात घेणार?" म्हणाले, आणि स्वतःच हसले. त्यांना हसता आलं. मला येईना.

२४ मार्च, सोमवार

तुकडा अकरा वाजता आला. कोरडा, सुक्या जाळीवर. एका बशीत दोन भाग.

पहिला भाग मी घेतला. नीट गोठला. काप काढायच्या यंत्राच्या पेटीत हात घातला, उणे वीसमध्ये. चकतीवर तुकडा बसवताना धागे उभे ठेवायचे म्हणजे काप गोल-गोल येतात. आडवे बसले तर लांबट पट्ट्या येतात आणि मधला गोल आहे की नाही ते कळत नाही. पहिल्या वर्षी शिकवतात हे. तर आडवा बसला. पाती फिरवली तेव्हा दिसलं. उपटून पुन्हा बसवायला गेलो तर बोटाच्या उबेनं कडेला पाणी सुटलं. संपला.

रात्री झोप नव्हती असं म्हणता येईल.

दुसरा भाग नीट बसला. काप निघाले. निळा रंग दिला. धाग्यांच्या जाती वेगळ्या दाखवणारा काळा रंगही आम्लात आणि अल्कलीत, दोन्ही तऱ्हांनी दिला. सल्फाइडच्या वासानं दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

२५ मार्च, मंगळवार

गोल आहेत.

एक भोक नाही, फरशीसारखे धागे, आणि जवळपास प्रत्येक संथ धाग्याच्या मधोमध कोरा गोल. निळ्या बशीत पांढरं नाणं ठेवावं तसा. एवढी स्वच्छ स्लाइड मी वर्षात पाहिली नव्हती. रोगाची स्लाइड सुंदर दिसावी याचीही किळस येते, पण नजर हटत नाही.

डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी तो वायू दिला असता."

नळ गळत होता, बाईंनी जाऊन तो बंद केला.

२८ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन सात तास चाललं. शिरेतून देतात त्या औषधांवर भूल दिली. वायू नाही. भुलीच्या यंत्राच्या नळ्यासुद्धा नव्या लावल्या म्हणे, जुन्यात उरलंसुरलं नको म्हणून. मी सात तास स्लाइडच्या पेट्या पुसल्या. चार वाजता नर्स जिन्यात भेटली, म्हणाली, "ताप नाही. अठ्ठ्याण्णव."

माझा पांढराशुभ्र फ्रीजर हमालांनी आजच नेला. कॅन्टीनला दिलाय. आता अंडी तिथेच ठेवा म्हणावं.

२ एप्रिल, बुधवार

मुलगी आज भिंतीला धरून उभी राहिली. उंची दोन बोटं वाढली म्हणून तक्रार करते, सगळ्या सलवारी तोकड्या झाल्या.

बसवाले प्रयोगशाळेत आले. पहिल्यांदाच आत आले. टोपी हातात. बाई सिंकवर काचा धूत होत्या, पाठमोऱ्या. बसवाल्यांनी माझा उजवा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडेनात.

"काका, तुम्ही म्हणाला होतात. तुमच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही म्हणून. ह्या हातानं माझी पोरगी वाचवली."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. नळाचा आवाज तेवढा थोडा कमी झाला.

मी म्हटलं, "अहो दादा, आमचं कामच आहे ते."

ते गेल्यावर हात धुतला. साबण लावून, कोपरापर्यंत, मग पुन्हा एकदा. वास वगैरे काही नव्हता हाताला.

त्या मुलीच्या तुकड्याचे उपयोगी पडलेले काप अकरा. अकराही बाईंनी काढले.